पुरचुंडीतला आलू

माघ लागला की इथल्या बाजारात नवा बटाटा येतो. घाटावरून पोत्यांतून उतरतो. वाटेत एकमेकांवर घासून त्याची साल ठिकठिकाणी सुटलेली असते, आणि त्या सुटलेल्या सालीखाली तो नुकत्याच न्हाऊ घातलेल्या लेकराच्या टाचेसारखा दिसतो. बाजार समुद्राला लागून आहे. मासळीच्या आणि ओल्या दोरखंडांच्या वासातून चालता चालता मला मध्येच कोरड्या मातीचा वास येतो आणि पाय आपोआप थांबतात. मी एक बटाटा उचलते, तळव्यावर ठेवते आणि डोळे मिटते.

"काय गो काकी, घेतंस काय नुसतो धरून रवतंस?" भाजीवाली विचारते.

मी घेते. पण आधी तोलून घेते, हातानंच. हा अदपाव. हा अदपावाच्या थोडा वर. हा पावशेराला कमी. शेर-छटाका जाऊन किलो आले त्याला किती वर्षं झाली, पण माझ्या तळव्याला ते कुणी सांगितलंच नाही. त्या एका माघापासून माझा हात काटा होऊन बसला आहे, आणि काट्याला काही चैन नसते. वाऱ्यानंही हलतो.

तो माघ कुठल्या सालातला हे मला नक्की सांगता येत नाही. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मी चौथीत होते, एवढं पक्कं. समुद्रपूरपासून दीड कोसावर आमचं गाव. माघात त्या वाटेवरून कापसाच्या गाड्या हिंगणघाटाकडे जात, आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींना, बोरीच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहत. सकाळच्या धुक्यात ती वाट एकदम म्हातारी दिसायची, पिकल्या केसांची. ऊन चढलं की पुंजके चमकायचे आणि वाट पुन्हा तरणी व्हायची. शेवटची वेचणी चालू असायची. माय पहाटेच वावरात जायची. बोंडांची टोकं लागून तिच्या बोटांना बारीक चिरा पडत, आणि संध्याकाळी ती लेकराच्या गालाला बोट लावताना आधी ते स्वतःच्या ओठांवर फिरवून पाहायची, खरखरीत तर नाही ना म्हणून.

लेकरू म्हणजे माझा भाऊ, रघू. पावसाळ्यात त्याला गोवर आला, मागोमाग हगवण लागली, आणि ती थांबली तेव्हा पोरगं निम्मं उरलं होतं. सव्वा वर्षाचा झाला तरी बसत नव्हता. मांडीवर घेतला की वाटायचं आपण पाखरू धरलंय, जरा हात सैल सोडला तर उडून जाईल. तो रडायचा नाही. शेजारपाजारच्या बाया म्हणत, किती शहाणं लेकरू. मला मात्र त्याच्या न रडण्याचीच भीती वाटायची. रडायलाही अंगात काही लागतं.

माय वावरात, म्हणून रघू माझ्या कडेवर. दिवाळीपासून मी शाळेत एक दिवसाआड जात होते. चैत्रात चौथीची परीक्षा होती, समुद्रपूरच्या शाळेत जाऊन द्यायची. गुरुजी म्हणाले होते, "चौथी काढली तर पुढची शाळा भेटते. सातवी झाली का मास्तरीण होता येते." मास्तरीण हा शब्द मी गुळाच्या खड्यासारखा जिभेखाली ठेवून दिला होता. झाडताना, पाणी भरताना, रघूला थोपटताना तो हळूहळू विरघळायचा.

घरात दिवसभर माझ्यासोबत सरजाआत्या असायची. माझ्या बाबांची थोरली बहीण, विधवा होऊन माहेरी आलेली. बोलायला फटकळ, आणि रघूवर तिचा इतका जीव की त्याच्याकडे कुणी जरा जास्त वेळ पाहिलं तरी ती मध्ये पदर धरायची.

आणि समुद्रपूरच्या दवाखान्यात नर्सबाई होत्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, याची खंत आता वाटते. कोकणातून आल्या होत्या. भर थंडीतही छत्री घेऊन फिरायच्या. "तुमच्या गावाच्या नावात समुद्र, आणि प्यायला विहिरीचं पाणी," म्हणायच्या. "आमच्याकडे मागचं दार उघडलं की समुद्र." आम्ही ज्याला आलू म्हणायचो त्याला त्या बटाटा म्हणत, आणि आम्ही पोरी तोंडावर हात धरून हसायचो. आता माझ्या मागच्या दारी समुद्र आहे, आणि मी आलू म्हटलं की इथली पोरं हसतात.

दवाखान्यातला लेकरं तोलायचा काटा मोडला होता. म्हणून नर्सबाई बाजाराच्या दिवशी अशक्त लेकरांना घेऊन दौलतकाकांकडे जात. दौलतकाका बाजारात धान्य तोलायचे. तीन लाकडी बल्ल्यांच्या तिकटीला टांगलेली लोखंडी दांडी, साखळ्यांनी लोंबणारी दोन फळकुटांची पारडी. तोलताना ते 'एक' म्हणत नसत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं आणि पुढं दोन, तीन. धान्य असो की लेकरू, सुरुवात 'लाभ'नंच. त्यांच्या आवाजात तो शब्द इतका सावकाश यायचा की वाटायचं, दाणा आत्ता कुठं जमिनीतून वर येतोय.

पहिल्या दिवशी आत्या पारड्याच्या आडवी उभी राहिली.

"बाई, जे तोलते ते इकते. आमाले इकाचं हाय काय पोरगं?"

"आत्याबाई, वजन नाही कळलं तर औषध कसं देऊ?"

"मंग हे असू द्या त्याच्या कमरेले." आत्यानं काळ्या चिंधीची पुरचुंडी काढली. तिच्यात नांगराच्या फाळाचा तुकडा, एक बिब्बा आणि खडेमीठ. "काट्याची नजर लागत नाई यानं. आन् गाठ सोडाची नाई. गाठ सुटली का गुण गेला."

नर्सबाई वाद घालणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पुरचुंडी एकटी पारड्यात टाकली. बरोबर अदपाव भरली. "बांधा," त्या म्हणाल्या. "मी दर वेळी अदपाव वजा करीन."

रघू भरला साडेसहा शेर. नर्सबाईंचा चेहरा मला आजही दिसतो. त्यांनी छत्री मिटली होती ती पुन्हा उघडली, सावली नको असताना.

त्याच दिवशी त्यांनी मला आलूचा भरता शिकवला. बाजारात छिंदवाड्याचा नवा आलू आला होता, गोणपाटावर ढीग लागले होते. त्या म्हणाल्या, आधी स्वच्छ धुवायचा, सालीसकट उकडायचा, पाणी थोडंच घालायचं आणि उरेल ते टाकायचं नाही, त्यातच कालवायचं. साल उकडल्यावर काढायची, बोटानं, पातळ. जे चांगलं असतं ते सालीच्या अगदी खाली असतं. मग गरम असतानाच कुस्करायचा, गुठळी राहता कामा नये. त्यात भाजलेल्या भुईमुगाच्या दाण्यांचं मऊ कूट, चमचाभर जवसाचं तेल, हरभऱ्याचा कोवळा शेंडा बारीक चिरून शिजवलेला, चिमूटभर जिरं. आणि भरवताना लिंबाचे दोन थेंब.

"बटाटा म्हणजे बैल, गो," त्या म्हणाल्या. "ताकद त्याची. पण एकट्या बैलाला जुंपून गाडी चालते का? दाणे म्हणजे दुसरा बैल. तेल म्हणजे वंगण. आणि पाला, लिंबू?"

"गाडीवान," मी म्हटलं.

"शाबास. आठ शेराचा होऊ दे तो. मग तू निर्धास्त शाळेत बस."

सोबत एका पुड्यात दुधाची भुकटी दिली. आठवड्याची.

वाटेनं आत्या तोंडातल्या तोंडात बोलत होती. "आलू बादी असते. लेकराचं पोट फुगन. वरून तेल. ढाळ लागले तं कोन निस्तरन, ते छत्रीवाली?"

आणि इथं माझी पहिली चूक. नर्सबाई बाजाराच्या दिवशी भेटायच्या, आत्या दिवसभर घरात. मी आत्याचं ऐकलं. आलू कच्चाच जाड सोलायचा, म्हणजे बादी सालीबरोबर जाते. भरपूर पाण्यात उकडायचा, पाणी गाईला. दाणे नकोत, खोकला होतो. तेल नको. पाला नको. नुसता आलू आणि मिठाचा खडा. पांढरा, गुळगुळीत, निरुपद्रवी भरता. तुराट्यांच्या जाळावर तो पटकन व्हायचा आणि मला गणितं सोडवायला वेळ मिळायचा. मी एका हातानं भरवायची आणि दुसऱ्या हातानं पाटीवर आकडे मांडायची. रघू गिळायचा. त्याच्या फासळ्या पाटीवरच्या रेघांसारख्या मोजता यायच्या.

दुसऱ्या बाजाराला साडेसहा शेरच. तिसऱ्याला त्यातही छटाक कमी.

"शांते, सांगितलं तसंच करतेस ना?" नर्सबाईंनी विचारलं. मी मान हलवली. "मग याला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. आणखी एक बाजार बघू."

येताना आत्या वाटेतच मटकन बसली. "वर्ध्याले नेलेलं लेकरू वापस येत नसते," ती म्हणाली. तिचा स्वतःचा मुलगा तिथून परत आला नव्हता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त घाबरले. रघू जाईल म्हणून घाबरले, आणि खरं सांगायचं तर, परीक्षा जाईल म्हणूनही घाबरले. कुठली भीती मोठी होती हे मी आयुष्यभर तोलत आले आहे. कधी हे पारडं खाली जातं, कधी ते.

चौथ्या बाजाराच्या सकाळी मी गोठ्यामागे जाऊन पुरचुंडीची गाठ दातानं सोडली. गाठ सोडली की जीभ झडते असं आत्या म्हणायची. जीभ झडली नाही. त्यानंच मला धीर आला, आणि तेच वाईट झालं. लिंबाएवढा एक आलू आत घातला, पुन्हा तशीच गाठ मारली आणि रघूच्या कमरेला बांधली, दुपट्याच्या आत. पुरचुंडी कुणी सोडणार नव्हतं. नर्सबाई अदपावच वजा करणार होत्या.

"वाढलं गो," नर्सबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात इतका हलका होता, आणि मला तो पेलवला नाही.

पाचव्या बाजाराला आलू मोठा होता. नर्सबाई हसल्या. मग त्यांनी दुधाच्या भुकटीचा पुडा माझ्या हातात न देता मागे उभ्या असलेल्या एका बाईला दिला. तिच्या खांद्यावर रघूहून लहान पोर मान टाकून पडली होती. "याला आता तेवढी गरज नाही," त्या म्हणाल्या. "हिला देऊ या."

दौलतकाकांनी रघूला पारड्यातून उचललं, जसं दर वेळी उचलायचे. मग क्षणभर तसेच धरून उभे राहिले. नर्सबाई पुढच्या लेकराकडे वळल्या तेव्हा ते माझ्याकडे वाकले.

"पोरी, चाळीस वर्स झाले तोलून राह्यलो. पोट्टं हल्लक हाय. गठुडं जड हाय."

मी रघूचं दुपटं पुरचुंडीवर ओढलं.

"म्या कोनाले सांगत नाई. पुढच्या बाजारापोतर तू सांगजो. काट्याले काय, जे ठेवलं ते सांगते तो. पन लेकराले सांगता येत नाई."

ते आठ दिवस मला कापसाच्या पुंजक्यांसारखे आठवतात, सुटे, वाऱ्यावर. हरभऱ्यावरच्या आंबट दंवानं, आंबीनं ओले झालेले पाय. शाळेतून येणारा पाढ्यांचा सूर. रघूची बोटं माझ्या बोटाभोवती, इतकी सैल की ती धरतायत की नुसती पडलीयत हे कळू नये. आठ म्हणते, पण आठ दिवस गेलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी माय वावरात गेल्यावर मी रघूला कडेवर घेतलं, पुरचुंडी त्याच्या कमरेला तशीच, आणि समुद्रपूरची वाट धरली. आत्याला सांगितलं, बोरं आणायला चाललो.

नर्सबाई दवाखान्यामागच्या त्यांच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. मी दारातच सगळं बोलून टाकलं. मी कसं बोलले ते आठवत नाही. त्या उठल्या नाहीत. पुरचुंडीकडे बोट करून म्हणाल्या, "तूच सोड."

मी सोडली. फाळाचा तुकडा, बिब्बा, मीठ, आणि आलू. मिठात राहून त्याची साल सुरकुतली होती आणि एका डोळ्यातून बारीक पांढरा कोंब आला होता.

"मारणार नाही?" मी विचारलं.

"मारून वजन वाढतं काय गो?" त्या म्हणाल्या. मग, "भरत्यात काय काय घालत होतीस, खरं सांग."

"मीठ."

"म्हणजे एकटाच बैल." त्यांनी तांदळाचं सूप बाजूला सारलं. "चूक तुझी आहेच. पण निम्मी माझी. मी काट्याकडे बघत होते. पोराकडे बघितलं नाही."

एवढ्या मोठ्या माणसानं माझ्यासमोर स्वतःची चूक कबूल केलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्यानंतर फार वेळा पाहिली नाही.

त्यांनी तोच आलू उचलला. कोंब खोलवर खुडून टाकला, आलू धुतला आणि चुलीवर ठेवला. मला वाटलं होतं त्या फेकून देतील. पातेल्यात तो हळूहळू उड्या मारू लागला, झाकण खुळखुळलं, आणि मातीचा, पावसात भिजलेल्या पोत्याचा असा एक वास खोलीभर झाला. साल बोटानं सरकवताच सबंध निघाली. त्यांनी तो पितळी वाटीच्या बुडानं कुस्करला, माझ्याकडून कुस्करून घेतला, उकडीचं पाणी त्यात जिरवलं. दाणे तव्यावर भाजले तेव्हा रघूनं मान वळवली. वासाकडे. जवसाचं तेल पडलं तसा पांढरा भरता पिवळसर झाला. दवाखान्यामागच्या वाफ्यातल्या पालकाची दोन पानं त्यात गेली. जिरं बोटांत चुरडून. शेवटी लिंबू.

पहिला घास रघूनं तोंडात धरून ठेवला. लिंबानं त्याचं तोंड आंबट झालं, भुवया गोळा झाल्या, ओठ थरथरले, आणि तो रडला. मोठ्यानं, तोंड पसरून, हक्कानं. किती महिन्यांनी. नर्सबाई हसायला लागल्या आणि मी त्याच्याबरोबर रडायला लागले. रडता रडता त्यानं तोंड पुन्हा उघडलं तेव्हा दुसरा घास आत गेला. मी वाटीला लागलेलं बोटानं निपटून त्याला चाटवलं.

दुसऱ्या दिवसापासून नर्सबाई दवाखाना बंद झाल्यावर दीड कोस चालत आमच्या घरी येऊ लागल्या. दहा दिवस. कापूस अडकलेल्या बोरींमधून ती काळी छत्री डुलत येताना दिसली की आत्या चुलीसमोर फतकल मारून बसायची, किल्ला राखायला बसावं तशी.

"याच्यात जीवनसत्त्व असतं, आत्याबाई."

"जीव देवानं देल्ला, सत्त्व मायबापानं. आलू काय देते?"

"तुम्ही खाऊन सांगा."

नर्सबाईंनी मोठ्यांसाठी वेगळा कालवला. राखेत भाजलेला लसूण, तव्यावर काळी केलेली हिरवी मिरची, मूठभर सांबार. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, त्याचंही त्यांना हसू यायचं. ज्वारीच्या गरम भाकरीवर तो भरता आत्याच्या पुढ्यात ठेवला. आत्यानं खाल्ला. भाकर संपली. तिनं दुसरी घेतली.

"बादी हाय," ती म्हणाली. "पन गोड हाय."

त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा कुणी तिचं म्हणणं ऐकून घेतलं असं मला वाटतं. नर्सबाईंनी तिच्याजवळ बसून विचारलं, तेल का नको म्हणता. तेव्हा तिनं तिच्या मुलाचं सांगितलं. हगवणीतच गेला होता. वर्ध्याला नेईपर्यंत त्याच्या अंगात काही उरलंच नव्हतं. "तवा मले असं कोनी चुलीपाशी येऊन सांगतलं नाई, बाई," ती म्हणाली. गाठ सुटल्याचंही मी तिला तेव्हाच सांगितलं. मला वाटलं आता चिमटा बसतो. तिनं पुरचुंडी घेतली आणि गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवून दिली. "गुण गेला तिचा. आता या बाईच्या चमच्यावरच भरोसा." दुसऱ्या दिवशीपासून जवसाचं तेल तीच घालायची, आणि चमचा जरा भरूनच.

फाल्गुनात रघू बसायला लागला. पाडव्याला त्यानं भिंत धरली. मी शाळेत गेले नाही. गुरुजी एकदा दारात येऊन गेले, म्हणाले, अजून वेळ आहे. नर्सबाई म्हणाल्या, आता आत्याबाई बघतील, तू जा. मायसुद्धा म्हणाली, जाय. सगळ्यांनी जा म्हटलं. पण पाटी हातात घेतली की मला तिच्यावर त्याच्या फासळ्या दिसायच्या. एका हातानं भरवणं आणि दुसऱ्या हातानं आकडे मांडणं मला पुन्हा जमलं नाही. भरवायला दोन्ही हात लागतात, एवढंच मी शिकले होते.

परीक्षा नेमकी बाजाराच्या दिवशी आली. गुरुजींनी पोरांसाठी बैलगाडी केली होती. काळ्या टोपीतले गुरुजी पुढे, मागे तेल लावलेली डोकी. मी रघूला कडेवर घेऊन त्याच वाटेनं पायी निघाले. गाडी माझ्याजवळ हळू झाली.

"बसतं काय वं?" गुरुजींनी विचारलं. "समुद्रपुरापोतर."

मी बसले. पोरं कविता घोकत होती, मलाही ती पाठ होती, माझे ओठ हलत राहिले. रघू गाडीच्या धक्क्यांबरोबर हसत होता. वेशीपाशी गाडी शाळेकडे वळली आणि मी उतरून बाजाराकडे गेले.

दौलतकाकांनी रघूला पारड्यात ठेवलं. कमरेला काही नव्हतं. "लाभ," ते म्हणाले, आणि शेराचं वजन समोर टेकवलं. "दोन. तीन." मी डोळे मिटून घेतले होते. "सात. आठ." साखळ्यांचा आवाज थांबला. "आन् वर पावशेर," ते म्हणाले. मी डोळे उघडले तेव्हा नर्सबाई काट्याकडे पाहतच नव्हत्या. त्या रघूकडे पाहत होत्या. त्यानं त्यांच्या छत्रीचा दांडा धरला होता आणि सोडत नव्हता. शाळेची घंटा तेव्हा मला ऐकू आली की नाही, आठवत नाही. आली असावी. बाजारापासून शाळा काही लांब नव्हती.

पुढच्या वर्षी बसू असं म्हटलं होतं. पुढच्या वर्षी नर्सबाईंची बदली झाली, मायला वावरात जोड लागली, आणि पुढचं वर्ष म्हणजे काय असतं ते मला कळलं. पण माझं अक्षर थांबलं नाही. रघू शाळेत गेला तेव्हा त्याची पाचवी मी त्याच्या पुस्तकांतून केली, सहावी केली, सातवी केली, तो वाचायचा आणि मी भाकरी थापता थापता ऐकायची. परीक्षा त्यानं दिली. आज हे जे मी लिहिते आहे ते त्याच्याच पुस्तकांच्या जोरावर. लहानपणी मी त्याला नर्सबाईंच्या मागच्या दारचा समुद्र इतका सांगितला होता, न पाहिलेला, की मोठा होऊन त्यानं बंदरावरचीच नोकरी धरली. माझा संसार झाला, सरला, आणि मी एकटी उरले तेव्हा तो मला इथं घेऊन आला. इथल्या कुठल्या गावात त्या बाईचं घर होतं कोण जाणे. छत्री घेतलेली कुणी उंच म्हातारी दिसली की मी अजून पावलं जोरात टाकते.

यंदा पौषात मला ताप येऊन गेला. तेव्हापासून डॉक्टर दर आठवड्याला वजन करतात. पायाखालचं ते सपाट यंत्र, त्याला साखळ्या नाहीत, 'लाभ' नाही, नुसता आकडा. मी त्यावर चढताना अजून डोळे मिटते. काल आकडा पुन्हा खाली आला. घरी आल्यावर रघूनं बटाटे धुतले आणि सालीसकट उकडायला ठेवले. तोही आता साठी ओलांडलेला, कानांवर पांढरे केस. मी ओट्याजवळच्या स्टुलावर बसले होते. साल काढायला त्यानं गरम बटाटा या हातातून त्या हातात झेलला, आणि मला काय झालं कोण जाणे, इतकी वर्षं जे सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं. पुरचुंडी, गाठ, आलू, दुधाची भुकटी. परीक्षेसाठी मी तुझ्या जिवाशी खेळले रे, म्हटलं.

तो कुस्करत राहिला. आम्ही दोघंच असलो की तो अजून गावाचंच बोलतो.

"मंग तो आलू कोनं खाल्ला?" त्यानं विचारलं.

"कोणता?"

"पुरचुंडीतला."

"तूच."

"सगळा?"

"सगळा. मी वाटी निपटून तुला चाटवली होती."

त्यानं दाण्याचं कूट घातलं, तेल घातलं, चव पाहिली.

"मंग काट्यानं खोटं कुठं सांगतलं, ताई? जरा आगाऊ सांगतलं."

आणि वाटी माझ्यापुढं धरली. लिंबाचे दोन थेंब जास्त पडले असावेत. पहिल्याच घासाला मला रडू आलं, आणि रडता रडता मी तोंड पुन्हा उघडलं.